मूळव्याधीचा कोंब की विषाणूची चामखीळ?

धुताना बोटाला गाठीसारखं काहीतरी लागतं आणि औषधाच्या दुकानात जाऊन माणूस हळूच सांगतो, "कोंब आलाय." कोंब म्हणजे मूळव्याध, हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की दुसरी शंका मनात येत नाही. शिवाय मूळव्याध चारचौघांत सांगता येते, गुप्तरोग नाही. त्यामुळे गुदद्वाराजवळ आलेल्या चामखिळींवर लोक महिनोन्‌महिने मूळव्याधीचं मलम चोळत बसतात.

खरं तर मूळव्याधीत नवं काही उगवतच नाही. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकाला असतात. बद्धकोष्ठता, कुंथणं, गरोदरपण यांमुळे त्या फुगतात आणि खाली सरकतात. आतली मूळव्याध बहुधा रक्तानेच कळते: लालभडक, शौचाच्या शेवटी थेंबथेंब, न दुखता. कोंब बाहेर आलाच तर सुरुवातीला आपोआप किंवा बोटाने ढकलून आत जातो. बाहेरच्या मूळव्याधीत रक्त गोठलं की एकाएकी निळसर टणक गोळा येतो आणि बसणं मुश्कील होतं.

चामखीळ ही त्वचेचीच वाढ आहे. लैंगिक संबंधातल्या त्वचेच्या स्पर्शातून पसरणाऱ्या एचपीव्ही या विषाणूचे 6 आणि 11 हे प्रकार अशा सुमारे 90 टक्के चामखिळींना कारणीभूत असतात. आधी मोहरीएवढा पुटकुळा, मग शेजारी दुसरा, तिसरा, आणि दुर्लक्ष झालं तर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा झुबका. ती सहसा दुखत नाही. खाज येते, ओलसर वाटतं, घासलं तर थोडं रक्त येतं. कुंथण्याशी तिचा संबंध नाही आणि ढकलून ती आत जात नाही. लिंगावर, योनिमुखावर, जांघेतही तसेच पुटकुळे दिसले, तर मूळव्याधीचा विचार सोडून द्यावा.

मात्र स्वतःच आरशात बघून निकाल लावू नये. चामखिळी गुदमार्गाच्या आतही असू शकतात. सिफिलिस या दुसऱ्या गुप्तरोगाच्या दुसऱ्या टप्प्यातही याच जागी चपटे, ओलसर उंचवटे येतात. त्यांचा उपचार पेनिसिलिनचा आहे आणि निदानासाठी रक्ततपासणी लागते. शौचातून वारंवार रक्त जात असेल, तर कर्करोग नाही ना हेही पाहावं लागतं. म्हणून न तपासताच "मूळव्याध आहे" म्हणून चिठ्ठी देणाऱ्यावर विसंबू नका.

उपचारात तर दोन्हींचं काहीच जुळत नाही. मूळव्याधीला इसबगोल, भरपूर पाणी, कोमट पाण्यात बसणं, आणि गरज पडली तर डॉक्टरांकडून कोंबाला रबर बँड बांधणं किंवा शस्त्रक्रिया. चामखिळींवर यातलं पथ्यपाणी चालत नाही. मूळव्याधीच्या काही मलमांत स्टेरॉइड असतं. त्याने त्या जागेची प्रतिकारशक्ती आणखी दबते. चामखिळींसाठी डॉक्टर द्रवरूप नायट्रोजनने गोठवतात, ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल लावतात किंवा विजेने जाळतात. घरी लावायला इमिक्विमॉड क्रीम देतात: आठवड्यातून तीन रात्री, सकाळी धुऊन टाकायचं, जास्तीत जास्त 16 आठवडे. पोडोफायलोटॉक्सिन हे चामखिळींवर लावायचं दुसरं औषध गरोदरपणात वापरत नाहीत. गोठवण्याचा उपाय तेव्हाही चालतो.

आणि कळकळीने सांगते, बिब्बा नको, चुना नको, घोड्याचा केस बांधणं नको, पायाच्या भोवरीचं औषध तर मुळीच नको. त्या नाजूक जागी भाजलेली त्वचा भरून यायला फार त्रास होतो.

चामखीळ गेली तरी विषाणू काही काळ त्वचेत राहतो, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत ती पुन्हा उगवणं नेहमीचं आहे. उपचार फसला असं समजू नका. बऱ्याच जणांचं शरीर पुढे विषाणूला आवरतं.

खरा घोळ घरात होतो. "हे कुणाकडून आलं?" याचं उत्तर बहुतेकदा कुणालाच देता येत नाही, कारण संसर्गानंतर चामखीळ दिसायला काही आठवडे ते कित्येक महिने लागतात. गुदसंभोग न करताही गुदद्वाराजवळ चामखिळी येतात. म्हणून एका पुटकुळ्यावरून जोडीदाराच्या चारित्र्यावर बोट ठेवणं अन्यायाचं आहे. दोघांनीही तपासून घ्यावं. कंडोमने धोका कमी होतो, पण न झाकलेल्या त्वचेतून संसर्ग होऊ शकतो. 6 आणि 11 हे प्रकार सहसा कर्करोग करत नाहीत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे मुख्यतः 16 आणि 18 असतात. तरी स्त्रियांनी त्याची नेहमीची तपासणी चुकवू नये.

लस चामखीळ बरी करत नाही, ती येण्याआधी रोखते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची, 2023 साली बाजारात आलेली सर्व्हाव्हॅक 6, 11, 16 आणि 18 या चारही प्रकारांविरुद्ध आहे. फक्त 16 आणि 18 विरुद्धची लस चामखिळींपासून वाचवत नाही, त्यामुळे टोचून घेताना कोणती ते विचारा. मुलग्यांनाही ती देता येते.

त्वचारोगतज्ज्ञाकडे जायला संकोच वाटत असेल, तर अनेक सरकारी रुग्णालयांत सुरक्षा क्लिनिक आहे. तिथे याच आजारांची तपासणी मोफत होते आणि माहिती गुप्त ठेवतात. कुठे जायचं कळत नसेल तर 1097 या मोफत क्रमांकावर विचारता येतं.