एका गिनीची वर्गणी

‘अंक पाकिटातून बाहेरही काढले जात नाहीत हो, मग वर्गणी कशाला भरायची?’ इतिहासमंडळाचं पावतीपुस्तक ज्यानं चार-सहा वर्षं सांभाळलंय, त्याला हा प्रश्न तोंडपाठ असतो. मीही एका लहानशा मंडळाची खजिनदारी केली आहे. ‘पुढचा अंक चांगला निघणार आहे’ एवढंच तेव्हा पुटपुटायचो. उत्तर चुकीचं होतं, पण वर्गणी म्हणजे छापील कागदाची किंमत हा समज काही सभासदांच्या डोक्यात आपोआप शिरलेला नाही. सागरी इतिहासापुरतं बोलायचं, तर तो संस्थांनीच रुजवला.

लंडनमध्ये १८४६ साली हॅक्लुट सोसायटी निघाली. जुनी प्रवासवर्णनं छापायची, सभासदाकडून वर्षाला एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग घ्यायचे आणि त्या वर्षी निघालेली पुस्तकं त्याला द्यायची, असा रोखठोक व्यवहार. पंधराव्या शतकातल्या हिंदुस्थानाची वर्णनं या संस्थेनं १८५७ साली इंग्रजीत आणली. त्यात अफनासी निकितिनही आहे, चौलला उतरलेला रशियन व्यापारी. विकायला आणलेला त्याचा घोडा जुन्नरच्या खानानं जप्त केला आणि बिचारा हवालदिल झाला. रेवदंड्याला आज त्याचं स्मारक आहे. पुढे १८९३ साली जॉन नॉक्स लॉटन यांच्या पुढाकारानं नेव्ही रेकॉर्ड्स सोसायटी उभी राहिली. काम ब्रिटिश नौदलाची दप्तरं छापण्याचं, आणि वर्गणी तीच, एक गिनी.

कामं दोन्ही मोलाची, पण व्यवहारात मेख होती. सभासद गिऱ्हाईक ठरला. यंदाचं पुस्तक आवडीचं नसेल तर गिऱ्हाईकानं दुकान का बदलू नये?

हे चित्र थोडं बदललं ते १९१० च्या जूनमध्ये, जहाजं आणि दर्यावर्दी यांच्या इतिहासाचा शोध घेणारी सोसायटी फॉर नॉटिकल रिसर्च स्थापन झाली तेव्हा. (योगायोग असा, की पुण्यात राजवाडे आणि मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं ते त्याच वर्षी, ७ जुलैला.) शिडांचा जमाना सरत होता. कुठल्या दोराला काय म्हणायचे, कुठलं शीड कधी उतरवायचे, हे अंगमेहनतीनं शिकलेली माणसं म्हातारी होत होती. १९११ च्या जानेवारीपासून संस्थेचं ‘द मरीनर्स मिरर’ हे नियतकालिक निघू लागलं. संपादक लॉटन यांचाच मुलगा, एल. जी. कार लॉटन. मोठमोठ्या लेखांपेक्षा मला त्यातलं प्रश्नोत्तरांचं सदर महत्त्वाचं वाटतं. एका वाचकानं एखादा शब्द नाहीतर जहाजाचा एखादा भाग विचारायचा आणि पुढच्या कुठल्यातरी अंकात दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. इथे वर्गणी भरणारा नुसता घेणारा राहिला नाही, त्याच्याकडे मागण्यासारखंही काही होतं.

मग आली ‘व्हिक्टरी’. ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनचं, ट्रफाल्गरच्या लढाईतलं हे जहाज पोर्ट्समथच्या बंदरात कुजत होतं. १९०३ साली तर ओढून नेलं जाणारं दुसरं जहाज त्यावर आदळलं आणि ते बुडता बुडता वाचलं. १९२२ साली त्याला कोरड्या गोदीत घेतलं आणि संस्थेचे अध्यक्ष ॲडमिरल स्टर्डी यांनी निधीची हाक दिली. जहाजमालक सर जेम्स केअर्ड यांनी ५०,००० पौंड दिले. आता कुणी म्हणेल, एका धनिकानं वाचवलं, त्यात गिनीवाल्यांचं काय? पण धनिकाला पैसे ओतायला आधी भांडं लागतं. पहिल्या महायुद्धाची वर्षं पार करून संस्था जिवंत राहिली होती ती दरवर्षी भरल्या गेलेल्या किरकोळ रकमांवर. ग्रीनिचचं राष्ट्रीय सागरी संग्रहालय १९३७ साली उघडलं, त्याचे पहिले संचालक जेफ्री कॅलेंडर हे याच संस्थेचे मानद चिटणीस.

सगळीच जहाजं नशिबवान नव्हती. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरली. १८९७ साली ती मोडीत निघाली असताना व्हीटली कॉब नावाच्या हौशी श्रीमंतानं विकत घेतली. ‘इम्प्लॅकेबल’ हे फ्रेंचांकडून १८०५ साली जिंकलेलं जहाजही त्यानंच सांभाळलं. कॉब १९३१ साली वारला. सागवानी ‘ट्रिंकोमाली’ तगली आणि आज हार्टलपूलला तरंगते आहे. ‘इम्प्लॅकेबल’च्या दुरुस्तीचा खर्च मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर कुणाला झेपेना. २ डिसेंबर १९४९ ला ब्रिटन आणि फ्रान्स, दोन्ही देशांचे झेंडे लावून तिला समुद्रात नेलं आणि सुरुंग लावून बुडवलं. तिच्या पिछाडीचा नक्षीदार भाग तेवढा ग्रीनिचच्या संग्रहालयात राहिला.

आपल्याकडे मुंबईत १९७८ साली मेरिटाइम हिस्टरी सोसायटी सुरू झाली, व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या पुढाकारानं. फलटणजवळच्या विंचुर्णीत राहून ‘सागर परिक्रमा’ची, म्हणजे शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची कल्पना पुढे रेटणारे ते हेच. या संस्थेच्या पाठीशी नौदलाची पश्चिम कमान आहे. लहान मंडळांना असा आधार कुठला?

त्यात आजीव सभासदत्वाचा मोह पडतो. एकरकमी पैसे दिसतात, हॉलचं भाडं सुटतं आणि पंधरा वर्षांत त्या ठेवीच्या व्याजातून टपालखर्चही भागत नाही. शिवाय आजीव सभासदाशी बोलायचं वार्षिक निमित्तच संपतं. तरी बरं, सभासद बहुधा रागावून गळत नाहीत, विसरून गळतात.

आमचे एक थकबाकीदार आयुष्यभर बोटीवर नोकरी केलेले. तीन स्मरणपत्रं गेली, उत्तर नाही. शेवटी मी फोन केला तो तांडेल आणि सारंग या खलाशांच्या म्होरक्यांच्या कामांत नेमका फरक काय, हे विचारायला. पाऊण तास बोलले. तिसऱ्या दिवशी दोन वर्षांची वर्गणी आली, सोबत दोन पानी पत्र. आमच्या आदल्या अंकातल्या चुका त्यात क्रमवार मांडल्या होत्या.