डेटा वेअरहाऊसचा बॅकअप

डेटा वेअरहाऊसचा बॅकअप : विश्लेषणासाठी वर्षानुवर्षे साठवलेला डेटा बिघडला किंवा पुसला गेला तर तो पुन्हा उभा करता यावा म्हणून वेगळ्या जागी ठेवलेली प्रत, तसेच ती घेण्याची आणि परत बसवण्याची पद्धत. बँका, विमा कंपन्या, दूरसंचार कंपन्या यांच्या वेअरहाऊसमध्ये रोजच्या व्यवहारांचा डेटा बहुधा रात्रीच्या लोडमध्ये एकगठ्ठा भरतात आणि दिवसभर त्यावर रिपोर्ट चालतात. लहान डेटाबेसचा ‘रोज रात्री पूर्ण बॅकअप’ हा शिरस्ता इथे साध्या भागाकारातच अडतो. एलटीओ-९ (बॅकअपच्या चुंबकीय टेपांच्या मानकाची नववी पिढी) जातीचा टेप ड्राइव्ह सेकंदाला सुमारे ४०० मेगाबाइट लिहितो. १०० टेराबाइटचे वेअरहाऊस एका ड्राइव्हवर उतरवायला अडीच लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ तीन दिवस लागतात. चार ड्राइव्ह एकदम लावले तरी सतरा तासांच्या वर जातात, आणि त्यातले बरेचसे नेमके लोडच्या वेळेत येतात. टेपा मात्र सहाच लागतात, कारण एकीवर १८ टेराबाइट मावतात.

त्यामुळे मोठ्या वेअरहाऊसच्या बॅकअपची आखणी ‘काय घ्यायचे नाही’ इथून सुरू होते. विक्रीचे दहा वर्षांचे टेबल महिन्यागणिक पार्टिशनमध्ये विभागले असेल, तर १२० पार्टिशनांपैकी रोज हात लागतो तो शेवटच्या एकदोनांना. ओरॅकलसारख्या डेटाबेसमध्ये जुनी पार्टिशने वेगळ्या टेबलस्पेसमध्ये (डेटा फाइलींच्या नाव दिलेल्या गटात) हलवून ती रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचण्यापुरती, करतात, त्यांचा बॅकअप दोन वेगळ्या माध्यमांवर घेतात आणि रोजच्या बॅकअपमधून ती वगळतात. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात गेल्या वर्षीची एखादी दुरुस्ती उशिरा येते, कुणीतरी टेबलस्पेस तात्पुरती उघडतो, बदल करून पुन्हा बंद करतो आणि नवा बॅकअप घ्यायचे राहून जाते. स्टेजिंगची, म्हणजे आलेला डेटा लोडआधी तात्पुरता ठेवण्याची, टेबले सहसा घेतच नाहीत. इंडेक्स (ओळी पटकन शोधण्याची सूची) आणि गोषवाऱ्याची टेबले पुन्हा बांधता येतात खरी, पण अब्जावधी ओळींवर इंडेक्स बांधायला लागणारा वेळ रिस्टोअरच्या, म्हणजे प्रत परत बसवण्याच्या, हिशेबात धरावा लागतो.

जे बदलते त्याचा इन्क्रिमेंटल बॅकअप घेतात, म्हणजे मागच्या बॅकअपनंतर बदललेले ब्लॉक (डेटा फाइलीचे छोटे ठरावीक तुकडे) तेवढेच उचलतात. इथे एक गैरसमज हमखास होतो. ओरॅकलच्या आरमॅन या बॅकअप साधनात इन्क्रिमेंटलने जागा वाचते. पण कोणते ब्लॉक बदलले ते शोधायला सगळ्या फाइली वाचाव्याच लागतात, त्यामुळे वेळ फारसा वाचत नाही. १०जी आवृत्तीत आलेले ब्लॉक चेंज ट्रॅकिंग चालू केले, की बदललेल्या ब्लॉकांची नोंद वेगळ्या छोट्या फाइलमध्ये राहते आणि मग कुठे तास मिनिटांवर येतात.

सर्वांत फसवा भाग नोलॉगिंग लोडचा. रात्रीचा लोड लवकर उरकावा म्हणून डेटा थेट फाइलमध्ये भरतात आणि रीडू लॉगमध्ये, म्हणजे बॅकअपनंतरचे बदल पुन्हा करता यावेत म्हणून डेटाबेस ठेवतो त्या नोंदवहीत, त्याची नोंद टाळतात. समजा, रविवारी बॅकअप झाला, मंगळवारी रात्री असा लोड झाला आणि बुधवारी डिस्क गेली. रविवारची प्रत बसवून तिच्यावर लॉग चढवले की रिकव्हरी बिनतक्रार पूर्ण होते आणि डेटाबेस उघडतोही. मंगळवारचे पार्टिशन वाचायला जावे तर ‘ओआरए-०१५७८’ आणि पाठोपाठ ‘ओआरए-२६०४०’ ही त्रुटी समोर येते : ब्लॉक नोलॉगिंगने भरला होता, लॉगमध्ये त्यातले काहीच नाही. यावर दोन उपाय आहेत. एक, लोड संपताच इन्क्रिमेंटल बॅकअप घेणे, कारण असे ब्लॉक त्यात येतात. दुसरा, मूळ प्रणालींतून आलेल्या फाइली काही दिवस जपून तो लोड पुन्हा चालवणे. दुसरा स्वस्त आहे, मात्र लोडची स्क्रिप्ट दोनदा चालली तर ओळी दुप्पट होणार नाहीत याची खात्री हवी.

रिप्लिकेशनला, म्हणजे प्रत्येक बदल लगेच दुसऱ्या चालू प्रतीवर उतरवण्याला, बॅकअप समजण्याची चूक अजूनही होते. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के खातेदारांच्या मेल दिसेनाशा झाल्या. डेटाच्या प्रती एकाहून अधिक ठिकाणी होत्या, पण सॉफ्टवेअरमधल्या दोषाचा फटका अनेक प्रतींना बसला. अखेर गुगलने त्या मेल ऑफलाइन ठेवलेल्या टेपांवरून परत आणल्या.

क्लाउड वेअरहाऊसमध्ये टेप दिसत नाही, मुदती दिसतात. ॲमेझॉन रेडशिफ्टचे आपोआप घेतलेले स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डेटाच्या प्रती) मूळ सेटिंगनुसार एकच दिवस राहतात. मुदत ३५ दिवसांपर्यंत वाढवता येते. स्नोफ्लेकमध्ये टाइम ट्रॅव्हलची, म्हणजे डेटाची मागची स्थिती परत आणण्याच्या सोयीची, मूळ मुदत एक दिवस आहे, वरच्या आवृत्त्यांत ती ९० दिवसांपर्यंत जाते. त्यानंतरच्या सात दिवसांच्या फेल-सेफ या राखीव मुदतीतला डेटा ग्राहकाला स्वतः काढता येत नाही, कंपनीकडेच मागावा लागतो. प्रत कुठे ठेवायची यालाही कायद्याची चौकट आहे. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८ च्या आदेशानुसार पेमेंट व्यवहारांचा डेटा भारतातच साठवावा लागतो. ॲमेझॉनचे मुंबई रीजन (क्लाउडच्या डेटा सेंटरांचा समूह) २०१६ मध्ये सुरू झाले आणि हैदराबादचे २०२२ मध्ये. त्यानंतर दुसरी प्रत देशातच, पण दूरच्या शहरात, त्याच क्लाउडवर ठेवता येऊ लागली.

रिस्टोअरचा क्रम आधीच लिहून ठेवतात : आधी सिस्टीमच्या फाइली, मग ग्राहक, शाखा, उत्पादने अशी लहान टेबले, मग चालू महिन्यांची पार्टिशने. जुन्या टेबलस्पेस ऑफलाइन ठेवून डेटाबेस उघडता येतो, म्हणजे सकाळचे रिपोर्ट सुरू होतात आणि आठ वर्षांपूर्वीचा डेटा मागाहून येत राहतो.

लांब मुदतीच्या प्रतींना माध्यमाच्या वयाची अडचण असते. एलटीओचे ड्राइव्ह सातव्या पिढीपर्यंत दोन पिढ्या मागच्या टेपा वाचत. आठव्या पिढीचा ड्राइव्ह एकच पिढी मागे जातो. एलटीओ-६ वर जपलेली प्रत एलटीओ-८ च्या ड्राइव्हमध्ये वाचता येत नाही. म्हणून टेप सुस्थितीत असतानाच तिच्यावरचा डेटा नव्या टेपेवर उतरवतात, किंवा जुना ड्राइव्ह चालू स्थितीत सांभाळतात.