गुडघ्यातला उतार

लंगडणारा कुत्रा घेऊन आलेल्या मालकाला ‘याचा गुडघा दाखवा’ असे म्हटले, की बहुतेकांचे बोट मागच्या पायाच्या त्या टोकदार सांध्याकडे जाते, जो उलट्या दिशेने वाकल्यासारखा दिसतो. तो गुडघा नसून टाच आहे. कुत्रा बोटांवर चालतो, त्यामुळे त्याची टाच कायम अधांतरी असते. खरा गुडघा त्याच्या बराच वर, पोटाच्या कडेजवळ असतो, त्याला आपल्यासारखीच वाटी असते आणि तो आपल्यासारखाच वाकतो. लातूरकडचे एक गृहस्थ महिनाभर आपल्या लॅब्रेडॉरच्या टाचेला तेल चोळत होते आणि दुखणे मात्र वीतभर वर होते.

परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलो, तेव्हा हाडांचे काम म्हणजे बैलाचा मोडलेला पाय, असेच माझ्या डोक्यात होते. पुढे मराठवाड्यातल्या शहरांत मोठ्या जातींची कुत्री आली, गुळगुळीत फरशी आली आणि माझी बरीच वर्षे एकाच सांध्यात गेली.

मांडीचे हाड नडगीच्या माथ्यावर टेकते. हा माथा कुत्र्यात सपाट नसतो, तर सरासरी 25 अंशांनी मागे उतरता असतो. उसाने भरलेली ट्रॉली उतारावर उभी करून चाकाखाली एक दगड लावावा, तशी ही रचना आहे. पायावर भार पडला की मांडीचे हाड उतारावरून मागे घसरू पाहते, म्हणजेच नडगी पुढे सरकू पाहते, आणि तिला अडवणारा दगड म्हणजे पुढचा अस्थिबंध, म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारी दोरी. ती तुटली की कुत्रा लंगडतो. नडगीच्या अक्षातून 100 किलो भार येत असेल, तर त्याला 25 अंशांच्या साइनने, म्हणजे 0.42 ने गुणावे. सुमारे 42 किलोंचा रेटा उताराच्या दिशेने लागतो. कुत्रा गुडघा वाकवूनच उभा राहत असल्याने या रेट्याला सहसा सुट्टी नसते.

हा रेटा अमेरिकेतील ओरेगन राज्यातले पशुशल्यचिकित्सक बार्कले स्लोकम यांनी 1983 मध्ये मांडला आणि 1993 मध्ये त्यावरची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तुटलेली दोरी पुन्हा बांधत बसण्याऐवजी त्यांनी उतारच काढून टाकला. वक्र करवतीने नडगीचा माथा गोलाकार कापायचा, तो फिरवून उतार 5 अंशांच्या आसपास आणायचा आणि धातूची पट्टी व स्क्रूने पक्का करायचा. करवतीची त्रिज्या 24 मिलिमीटर असेल आणि 20 अंश फिरवायचे असतील, तर कापाच्या कडेवर 8.3 मिलिमीटर सरकवावे लागते. ती खूण हाडावर करताना आजही माझा श्वास रोखला जातो. आता तोच रेटा 100 किलोंमागे 9 किलोंवर येतो. उतार शून्यावर मात्र आणत नाहीत, कारण मग मागच्या अस्थिबंधावर ताण वाढतो.

मात्र उतार हेच दुखण्याचे एकमेव कारण समजू नये. निरोगी लॅब्रेडॉरच्या नडगीतही तो जवळपास तेवढाच असतो. अस्थिबंध बहुधा एका उडीत तुटत नाही, तो महिनोन्‌महिने झिजत असतो. म्हणूनच एक गुडघा गेलेल्या अनेक कुत्र्यांचा दुसराही पुढे जातो. लठ्ठपणाने ही झीज वाढते. लातूर जिल्ह्यातल्या जानवळकडचे सडपातळ कारवानी जातीचे शिकारी कुत्रे माझ्याकडे या तक्रारीसाठी क्वचितच आले. येतात ते पोळी-तुपावर वाढलेले लॅब्रेडॉर.

आपल्याकडे बैलाप्रमाणे कुत्र्यालाही डाग देतात किंवा बिब्बा लावतात. त्याने कातडी भाजते. आतला सांधा आहे तसाच राहतो. दुखापतीनंतरची सूज काही आठवड्यांत आपोआप उतरते, कुत्रा पाय टेकू लागतो आणि श्रेय डागाला मिळते. कॅल्शियमच्या बाटल्यांचेही तेच. आणि शस्त्रक्रियेने गुडघा नवा होतो, ही आमच्याच व्यवसायातील जाहिरातबाजी तितकीच खोटी; झिजलेली कुर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, परत येत नाही, संधिवात मागे उरतोच.

तेल चोळलेल्या त्या लॅब्रेडॉरवर शस्त्रक्रिया झाली. आठ आठवड्यांनी क्ष-किरण चित्रात काप भरून आलेला दिसला. घरी फरशीवर सतरंज्या अंथरल्या होत्या, नखे कापली होती आणि वजन 41 वरून 36 किलोंवर आले होते. पूर्वी तो बसताना दुखरा पाय बाजूला फेकून बसे; त्या दिवशी वजनकाट्यावर दोन्ही पाय पोटाखाली नीट दुमडून बसला.