मनाच्या जाचाला रजिस्टर नाही

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ओतकामाच्या वेळी तापलेला रस पायावर उडाला तर काय लिहायचं, हे सुपरवायझरला तोंडपाठ असतं. इजेमुळे कामगार 48 तास कामावर येऊ शकला नाही की 1948 च्या कारखाने कायद्याप्रमाणे कळवावंच लागायचं. वरिष्ठाच्या शिव्यांनी झोप उडाली, तर मात्र रकानाच नाही. याच कायद्याच्या आजारांच्या यादीत शिसेबाधा होती, सिलिकोसिस म्हणजे धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार होता, आवाजाने येणारा बहिरेपणा होता. मनाचा एकही आजार नव्हता.

अपवाद एकच. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने दहा वा अधिक कामगारांच्या ठिकाणी समिती, लेखी तक्रार आणि 90 दिवसांत चौकशी बंधनकारक केली. 2021 मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यासाठी आयएसओचं 45003 क्रमांकाचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. कामाचा अतिबोजा, दादागिरी, नोकरीची टांगती तलवार यांची नोंद धोके म्हणून करा, असं ते सांगतं. पण ते ऐच्छिक.

खरा वाद तासांचा. मे 2020 मध्ये कर्नाटकाने दिवसाला दहा तासांची मुभा दिली आणि जूनमध्ये मागे घेतली. 2023 मध्ये थेट कायदाच बदलला: आठवड्याचे तास 48 च, पण दिवसाला बारापर्यंत काम, आणि तीन महिन्यांची ओव्हरटाइमची मर्यादा 75 वरून 145 तास. कामगाराची लेखी संमती हवी, असं समर्थक लगेच दाखवतात. कंत्राटावरच्या पोराने ‘नको’ म्हणून सही टाळायची ती कुणाच्या जोरावर? त्यात खानापूरकडच्या गावांतून येणाऱ्याचा जाण्यायेण्याचा वेळ कुणी धरतच नाही. तेव्हा शिनोळीच्या एमआयडीसीत, म्हणजे महाराष्ट्राची हद्द ओलांडली की, ही दुरुस्ती लागू नव्हती. सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही बारा तासांना मान्यता दिली, आणि सीमेचा तेवढाही आधार डळमळला.

भाषेचंही तसंच. कारखाने कायद्याचा गोषवारा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत लावायचा असायचा. मराठी कामगार जिथे कमी, तिथे त्याने काय ते सोबत्याला विचारून घ्यायचं.

21 नोव्हेंबर 2025 पासून कारखाने कायद्यासह जुन्या तेरा कायद्यांच्या जागी कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्याची नवी संहिता लागू झाली. तिच्याही आजारांच्या यादीत मन नाहीच. त्यामुळे ज्याला धोका शोधायचाय, त्याने ओव्हरटाइमचं रजिस्टर आणि हजेरीपट शेजारी ठेवून वाचावेत: एकाच लाइनवर जादा तास आणि बिनपगारी खाडे सोबत वाढत असतील, तर विचारपूस तिथूनच सुरू करावी.