पोटातल्या जिवाणूंचा चारा

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. गावात लग्न झालं, मांडव उठला अन् उरलेला भात, पोळ्या, बुंदी सगळं नेऊन उकिरड्यावर टाकलं. रात्री आमच्या गल्लीतल्या आबाजींची गाय दावं तोडून तिथं गेली अन् पोटभर खाऊन आली. सकाळी सहालाच मला हाक. जाऊन पाहतो तर गाय बसलेली, डावी कूस फुगलेली, तोंडाला आंबूस वास, शेण पाण्यासारखं पातळ अन् रवंथ बंद. मी यवतमाळ जिल्ह्यात पशुधन पर्यवेक्षक आहे, लग्नसराईत अशा केसेस दर वर्षी येतात, त्यामुळे काय झालं ते पाहताक्षणी कळलं.

गाय कडबा खाते पण कडबा पचवायची ताकद गाईत नसते, हे पुष्कळ शेतकऱ्यांनाही माहीत नाही. तिच्या पोटाचा जो पहिला मोठा कप्पा आहे, ज्यात शंभर लिटरच्या आसपास माल मावतो, त्यात कोट्यवधी जिवाणू राहतात, ते तो कडबा आंबवतात, त्यातून काही साधी आम्लं तयार होतात अन् त्या आम्लांवर गाय जगते. तिला लागणाऱ्या ऊर्जेतला सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा तिथूनच येतो. आता अशा पोटात एकदम पाच-दहा किलो भात गेला की काय होतं, भातावर ताव मारणारे जिवाणू भराभर वाढतात, इतकं आम्ल करतात की कडबा पचवणारे बिचारे मरून जातात, अन् मग गाईसमोर कितीही चांगला चारा टाका ती तोंड लावत नाही.

आबाजींच्या गाईला खायचा सोडा पाजला, सलाईन लावलं, तिसऱ्या दिवशी ती उभी राहिली पण खाईना. मग आमच्या डॉक्टरसाहेबांच्या सांगण्यावरून शेजारच्या धडधाकट बैलाच्या पोटातून नळीनं तीन-चार लिटर पाणी काढलं, फडक्यातून गाळलं अन् कोमट असतानाच गाईला पाजलं. हिरवट, घट्टसर पाणी असतं ते, वास पार नाकात बसतो. आबाजी बघतच राहिले, म्हणाले, "काय भाऊ, दुसऱ्याच्या बैलाच्या पोटातलं पानी माह्या गाईले पाजून राह्यला, हे कोनतं औषध म्हना?" दुसऱ्या दिवशी दुपारी गाय रवंथ करत बसली होती. गुरांच्या डॉक्टरकीत हा फार जुना उपाय आहे, त्या पाण्यात औषध काहीच नसतं, जिवंत जिवाणू असतात.

हे सगळं सांगायचं कारण असं की गोठ्यात जी गोष्ट आपण डोळ्यांनी पाहतो ती आपल्या स्वतःच्या पोटात पण चालू असते अन् तिकडे आपलं लक्ष नसतं.

माणूस रवंथ करत नाही हे खरं. पण आपल्या मोठ्या आतड्यात पण जिवाणूंचं असंच मोठं गाव वसलेलं आहे. इस्राएलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये हिशोब मांडला, एका माणसाच्या अंगात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात अन् त्याच्या स्वतःच्या पेशी ३० लाख कोटी. म्हणजे संख्येत ते आपल्यापेक्षा थोडे जास्तच. सगळ्यांचं मिळून वजन मात्र २०० ग्रॅमच्या आसपास.

त्यांना खायला काय मिळतं ते नीट समजून घ्या. साखर, पांढरा भात, मैदा, तेल हे बहुतेक सगळं वरच्या लहान आतड्यातच पचून रक्तात जातं, खालपर्यंत फारसं काही पोचत नाही. खाली पोचतो तो ज्वारीचा कोंडा, तुरीचं साल, अंबाडीच्या भाजीतले धागे, जवसाच्या चटणीतला तो चिकट भाग, म्हणजे ज्याला आपण फायबर म्हणतो ते. ते मोडायची हत्यारं माणसाकडे जवळपास नाहीतच, जिवाणूंकडे आहेत. ते फायबर आंबवतात अन् त्यातून गाईच्या पोटात होतात तीच आम्लं आपल्याही पोटात होतात. त्यातल्या एकाचं नाव ब्युटिरेट, हे नाव लोण्यावरून पडलंय कारण लोण्यात ते सापडतं, अन् लोण्यात ते येतं ते पण गाईच्या पोटातल्या जिवाणूंच्याच मेहनतीतून. (म्हणून तूप जास्त खाल्लं की काम झालं असं नाही, तुपातलं वरच शोषलं जातं, मोठ्या आतड्याला त्याचा वाटा मिळत नाही.)

मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी आपली सत्तर टक्क्यांच्या आसपास ऊर्जा या ब्युटिरेटपासून घेतात. शरीरातल्या बाकीच्या पेशी रक्तातून खातात अन् या मात्र जिवाणूंच्या हातचं खातात, मला तर हे वाचलं तेव्हा फार नवल वाटलं होतं. तर ब्युटिरेट मिळालं की अस्तर घट्ट राहतं. अस्तरावर शेंबडासारखा एक चिकट थर असतो, तो जिवाणूंना भिंतीपासून लांब ठेवतो. आता फायबर आलंच नाही तर? जिवाणू उपाशी तर बसत नाहीत, ते तो थरच खायला घेतात. २०१६ मध्ये हे उंदरांवर करून पाहिलं, माणसाच्या पोटातले जिवाणू उंदरांत सोडले, खाण्यातून फायबर काढून टाकलं, तर जिवाणूंनी तो थर कुरतडून पातळ केला अन् एरवी निभावून जाणाऱ्या एका रोगजंतूनं ते उंदीर दगावले. वैरण संपली की ढोरं कुडाचा पाला ओढतात तसंच आहे हे.

हा थर पातळ झाला की जिवाणूंचे तुकडे थोडे थोडे रक्तात झिरपतात. ताप येण्याएवढे नाही, पण शरीराचे पहारेकरी कायम चिडलेले राहतील एवढे. वर्षानुवर्षं ही बारीक धग आत चालू राहिली की इन्सुलिनचं काम बिघडतं, रक्तवाहिन्यांच्या भिंती खराब होतात. शिवाय ही आम्लं आतड्यातल्या काही खास पेशींना इशारा देतात अन् त्यातून जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं, जे पोट भरल्याची जाणीव देतं अन् साखर आटोक्यात ठेवतं. आज मोठ्या शहरांत वजन अन् शुगरसाठी जी महागडी इंजेक्शनं निघालीत ती याच हार्मोनची नक्कल आहेत. इंजेक्शनचा डोस फार मोठा असतो त्यामुळे बरोबरी करू नका, पण रस्ता तोच आहे.

हे सगळं उंदरांपुरतंच आहे का? २०१५ मध्ये एक प्रयोग छापून आला, तो मला सगळ्यात जास्त आवडतो. अमेरिकेतले २० आफ्रिकन वंशाचे लोक घेतले अन् दक्षिण आफ्रिकेतल्या खेड्यातले २० लोक घेतले, अन् दोन आठवडे त्यांच्या ताटांची अदलाबदल केली. खेड्यातल्यांना बर्गर, तळलेले बटाटे, सॉसेज. अमेरिकेतल्यांना मक्याचं घाट्यासारखं शिजवलेलं अन्न, शेंगा, कडधान्यं. अमेरिकेतल्यांचं रोजचं फायबर १४ ग्रॅमवरून ५५ वर गेलं, खेड्यातल्यांचं ६६ वरून १२ वर आलं. फक्त दोन आठवडे! तेवढ्यात अमेरिकेतल्यांच्या पोटातलं ब्युटिरेट अडीच पट झालं, आतड्याची जळजळ, म्हणजे वर सांगितली तीच आतली धग, कमी झाली, अन् खेड्यातल्यांचं ब्युटिरेट निम्म्यावर येऊन आतड्याच्या कॅन्सरकडे नेणाऱ्या खुणा वाढल्या. कॅन्सर झाला असा याचा अर्थ नाही, दोन आठवड्यांत होतही नाही, पण वारं कुठल्या दिशेला फिरलं ते दिसलं.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमचंच गाव येत होतं. माझ्या लहानपणी दोन्ही वेळ ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, कधी अंबाडी, कधी तरोट्याची भाजी, सकाळी कण्या अन् ताक, रात्रीची शिळी भाकर सकाळी ताकात कुस्करून. (शिजवून गार झालेल्या भाकरीतला अन् भातातला थोडा स्टार्च असा घट्ट होतो की तो पण वर पचत नाही, खाली जिवाणूंना मिळतो, म्हणजे शिळ्या भाकरीला नाव ठेवायचं काही कारण नाही, फक्त बुरशी आलेली नको.) मग रानडुकरांनी ज्वारी ठेवली नाही, पाखरं राखायला माणूस मिळेना, भाव नव्हता, सगळीकडं सोयाबीन आलं. सोयाबीन विकायचं अन् खायचं विकत आणायचं. ताटात आला पांढरा भात अन् चहासोबत टोस्ट, खारी, पोरांच्या हातात कुरकुऱ्यांचं पाकीट. शंभर ग्रॅम ज्वारीत १० ग्रॅमच्या आसपास फायबर असतं, पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमच्या आत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम सांगते. हिशोब तुम्हीच करा.

माझ्या काकांना चार वर्षांपूर्वी शुगर निघाली. अंगानं बारीक, दिवसभर वावरात. म्हणाले, "मी त चहाबी बिनसाखरेचा पेतो, मंग हे शुगर आली कुठून?" त्यांना मी काय उत्तर देणार, शुगरला शंभर कारणं असतात, अनुवंश असतो, वय असतं, झोप असते. पण ताटही असतंच. २०२३ मध्ये आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पाहणी आली तिच्यानुसार देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह आहे अन् १३ कोटींवर लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, खेडी पण त्यात आली. अन् २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जगभरच्या अभ्यासांचा गोळा केलेला हिशोब आला, त्यात जास्त फायबर खाणाऱ्यांमध्ये हृदयरोग, लकवा, मधुमेह, मोठ्या आतड्याचा कॅन्सर अन् अकाली मृत्यू यांचं प्रमाण १५ ते ३० टक्क्यांनी कमी दिसलं. त्यातलं किती श्रेय जिवाणूंचं अन् किती बाकी गोष्टींचं हे वेगळं काढणं अवघड आहे, अन् कुणी तुम्हाला अमुक जिवाणू वाढवा अन् शुगर घालवा असं छातीठोक सांगत असेल तर त्याच्याकडून काही विकत घेऊ नका.

आपल्या भागातल्या पोटांचा अभ्यास झालाय का? भोपाळच्या आयसर संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी भोपाळ अन् केरळ इथल्या निरोगी लोकांचे जिवाणू तपासले, २०१९ मध्ये ते छापून आलं. भोपाळकडे प्रिव्होटेला नावाच्या जिवाणूंचं राज्य निघालं, धान्य, डाळी असं खाणाऱ्यांमध्ये तो जास्त दिसतो. भोपाळ काही आपल्याला परकं नाही, ताट पण फार वेगळं नाही.

आता अँटिबायोटिकबद्दल बोलतो कारण त्याचा मला खरंच त्रास होतो. सर्दी-खोकला झाला, पोरगं दोन दिवस तापलं की दुकानातून दोन गोळ्या आणायच्या, बरं वाटलं की बंद करायच्या. सर्दी बहुतेक वेळा व्हायरसची असते, अँटिबायोटिक तिला काहीच करत नाही, पण पोटातलं गाव मात्र झोडपून काढतं. डेन्मार्कमध्ये १२ निरोगी तरुणांना चार दिवस कडक अँटिबायोटिक देऊन पाहिलं, दीड महिन्यात बरंचसं भरून आलं, पण आधी सगळ्यांमध्ये सापडणाऱ्या ९ जाती १८० दिवसांनंतरही दिसल्या नाहीत. निमोनिया असेल, जखम चिघळली असेल, डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर अँटिबायोटिक घ्याच अन् सांगितलं तसंच घ्या, त्यानं जीव वाचतो. मी गुरांनाही देतो. बिनकामाचं घेऊ नका एवढंच.

अँटिबायोटिकनं गाव फारच उजाड झालं तर काय होतं, तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल नावाचा जिवाणू मोकळं रान बघून माजतो अन् जुलाब थांबतच नाहीत. अशा पेशंटवर नेदरलँडमध्ये जे केलं ते २०१३ मध्ये छापून आलं अन् ते वाचून मला आबाजींची गाय आठवल्याशिवाय राहिली नाही. निरोगी माणसाची विष्ठा पाण्यात कालवून, गाळून, नळीनं पेशंटच्या आतड्यात सोडली. १६ पैकी १३ जण पहिल्याच वेळी बरे झाले, नेहमीच्या औषधावर १३ पैकी ४. बैलाच्या पोटातल्या पाण्याचाच उपाय आहे हा. पण घरी कुणी असलं काही करायचा विचार पण करू नका, २०१९ मध्ये अमेरिकेत अशा उपचारातून औषधांना न जुमानणारा जंतू गेला अन् एक पेशंट दगावला. निरोगी माणूस कसून तपासूनच निवडावा लागतो.

बाळंतिणीसाठी एक सांगतो. आईच्या दुधात काही अशा साखरा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत, त्या बाळाच्या पोटातल्या चांगल्या जिवाणूंसाठी असतात, म्हणजे आईचं दूध लेकरासोबत त्याच्या जिवाणूंनाही पाजतं. म्हणून सहा महिने नुसतं आईचं दूध. आमच्याकडे अजून गुळाचं पाणी, मध, घुटी चाटवतात, ते नको.

ताकाचं विचारतात पुष्कळ जण. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ३६ लोकांवर प्रयोग झाला, २०२१ ची गोष्ट, निम्म्यांना दही अन् आंबवलेले पदार्थ, निम्म्यांना भरपूर फायबर. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या पोटात दहा आठवड्यांत जिवाणूंच्या जाती वाढल्या अन् रक्तातली जळजळीची १९ प्रथिनं कमी झाली. फायबरवाल्यांच्या जाती तेवढ्या काळात वाढल्या नाहीत. मला वाटतं दोन्ही पाहिजे, ताक अन् भाकर, जेवण तर तेच आहे आपलं. घरचं ताक असताना प्रोबायोटिकच्या, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या, महागड्या पुड्या धडधाकट माणसानं घ्यायची मला तरी गरज दिसत नाही.

फक्त एकदम बदलू नका. बैलाला सुक्या कडब्यावरून हिरव्यावर न्यायचं असलं तर आपण आठ-पंधरा दिवस थोडं थोडं मिसळून देतो ना, नाहीतर पोट फुगतं, तसंच. आठवड्यात दोन भाकरी, मग चार, कडधान्य रोज मूठभर, पाणी जास्त. गॅस होईल थोडा, ती जिवाणू कामाला लागल्याची खूण आहे. अन् शुगर-बीपीच्या गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत.

काकांच्या गोळ्या चालूच आहेत. यंदा त्यांनी तुरीच्या बाजूला अर्धा एकर ज्वारी पेरली, रानडुकरांसाठी भोवती जुन्या साड्या बांधल्या अन् कणसं भरली तशी रात्रीची जागली सुरू केली. परवा मी डबा घेऊन गेलो होतो. मचाणावर बसून बॅटरी फिरवत होते. मला म्हणाले, "खाली पाह्यजो, तिकडच्या धुऱ्यावर दोन कणसं पाडली त्याईनं." मी जाऊन पाहिलं, दोनच होती. उचलून आणली, त्यांनी दाणे हातावर चोळले, फुंकर मारली अन् अर्धे माझ्या हातावर ठेवले.