जड गोळी आणि काडतुसातली जागा

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्यात पॉइंट टू-टू काडतूस वापरतात. त्याचे ठिणगी देणारे रसायन पुंगळीच्या कडेतच भरलेले असल्यामुळे ती रिकामी पुंगळी पुन्हा वापरण्याजोगी राहत नाही. ९ मिलिमीटरच्या काडतुसाचे तसे नाही. त्याच्या बुडातला प्रायमर (ठिणगी देणारी छोटी टोपी) बदलून, दारू मोजून भरून, वर नवी गोळी दाबून बसवता येते. परदेशात अनेक नेमबाज हे घरी करतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे, तरी त्यामागचे भौतिकशास्त्र समजून घ्यायला परवाना लागत नाही.

या काडतुसाची गोळी साधारणपणे साडेसात ते आठ ग्रॅमची असते. समजा, तिच्या जागी साडेनऊ ग्रॅमची बसवली. व्यास नळीने ठरवून दिलेला असल्यामुळे वाढीव धातू लांबीत जातो. काडतुसाची एकूण लांबीही मॅगझिनमुळे (पिस्तुलातल्या काडतुसांच्या पेटीमुळे) वाढवता येत नाही, म्हणून गोळीचे बूड पुंगळीत अधिक खोल उतरते आणि दारूच्या वाट्याची जागा घटते. खरी मेख इथे आहे. धूरविरहित दारू १८८४ मध्ये तयार करणाऱ्या पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की दाब वाढला की दारूच्या जळण्याचा वेगही वाढतो. म्हणजे अपुऱ्या जागेमुळे दाब चढतो, त्यामुळे दारू आणखी झपाट्याने जळते, आणि जड गोळी लवकर हलत नसल्यामुळे वायूला पसरायलाही उशीर होतो. या काडतुसाची कमाल मर्यादा वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २,३०० पट आहे. गोळी मिलिमीटरभर जास्त खोल बसली तरी ती ओलांडली जाऊ शकते. म्हणून जड गोळीसाठी दारू कमी करावी लागते, पण किती, हे प्रयोगशाळेत दाब मोजूनच ठरते. ज्या गोळीची अशी मोजणी झालेलीच नाही, तिच्यासाठी त्रैराशिक मांडणे हा माझ्या मते शुद्ध जुगार आहे.

एवढे करून हाती काय येते? साडेसात ग्रॅमची गोळी सेकंदाला ३६० मीटर वेगाने निघाली, तर तिची ऊर्जा सुमारे ४८६ ज्यूल भरते. साडेनऊ ग्रॅमची ३०० मीटर वेगाने निघाली, तर ४२८ ज्यूल. ऊर्जा घटली, संवेग मात्र थोडा वाढला. शिवाय हा वेग ध्वनीपेक्षा कमी असल्याने हवेतला कडाका उमटत नाही.

सर्वांत गमतीची गोष्ट निशाण्याची. जड गोळी खाली पडेल असे वाटते, परंतु जवळच्या अंतरावर ती बहुधा वरच लागते: ती नळीत जास्त वेळ रेंगाळते आणि तेवढ्यात धक्क्याने नळीचे तोंड वर उचलले गेलेले असते.