डिजिटल आणि समाज या विषयावर पीएचडी: अर्ज नेमका कुठे अडकतो

रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा उमटला नाही तर त्या आजीच्या धान्याचं काय, हा प्रश्न कॉम्प्युटर सायन्सचा की समाजशास्त्राचा? दोन्हींचा, पण फॉर्मवर विषय एकच निवडायचा असतो आणि चांगली चांगली पोरं इथंच बाद होतात. समाजशास्त्रवाले म्हणतात तुमची पीजी (पदव्युत्तर पदवी) आमच्या विषयातली नाही, कॉम्प्युटरवाले विचारतात यात अल्गोरिदम कुठंय. म्हणून फी भरायच्या आधी माहितीपत्रकात कुठल्या कुठल्या विषयांची पीजी चालते ते बघा, शंका असेल तर विभागाला ईमेल करा, फोनवर मिळालेलं उत्तर छाननीच्या वेळी कुणी मानत नाही.

पात्रता सोपी आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे पीजीला ५५ टक्के किंवा चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के, एससी, एसटी, नॉन-क्रिमी लेयर ओबीसी, दिव्यांग, ईडब्ल्यूएस यांना ५ टक्के सूट.

नेटबद्दल, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेबद्दल, मात्र नीट वाचा. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप) नसेल तर नेटचे मार्क पीएचडी प्रवेशाला एकच वर्ष चालतात. असिस्टंट प्रोफेसरची पात्रता कायम राहते म्हणून लोक समजतात मार्कही कायम राहतात, आणि दीड वर्षाने अर्ज करून बसतात. त्या एका वर्षात मार्कांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वेटेज असतं.

ओबीसी असाल तर आयआयटी मुंबई किंवा केंद्रीय विद्यापीठाला राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमी लेयर प्रमाणपत्र चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं काढावं लागतं. सेतू केंद्रात हे स्पष्ट सांगा, नाहीतर राज्याचंच हातात देतात. आणि ३१ मार्चला या प्रमाणपत्राची मुदत संपते ते विसरू नका.

नोकरी करून पार्ट-टाइम करणाऱ्यांचं घोडं ऑफिसच्या एनओसीवर (ना-हरकत पत्रावर) अडतं. "आमची हरकत नाही" एवढी एक ओळ पुरत नाही हो! पार्ट-टाइम पीएचडीला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (पीएचडीच्या अभ्यासक्रमाच्या तासांसाठी) कार्यमुक्त करू, या तिन्ही गोष्टी लेटरहेडवर लागतात. एचआरला हे माहीत नसतं, मसुदा तुम्हीच टाइप करून न्या आणि महिनाभर आधी द्या.

आता गाइड, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापक. प्रोफेसरकडे ८, असोसिएटकडे ६, असिस्टंटकडे ४ विद्यार्थी, त्यापुढे जागा नाही, आणि निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर त्यांना नवीन विद्यार्थी घेताच येत नाही, तेव्हा प्रपोजल पाठवायच्या आधी हे विचारून घ्या. आपल्यासारख्या दोन विषयांत पाय असलेल्यांना दुसऱ्या विभागातला किंवा बाहेरच्या विद्यापीठातला को-गाइड घेता येतो. बऱ्याच ऑफिसांत "आमच्याकडे असं करत नाहीत" म्हणून परत पाठवतात, ते अतिशय चुकीचं आहे, कारण नियमात ही तरतूद सरळ लिहिलेली आहे. त्या पानाची प्रिंट सोबत न्या आणि नकार लेखी मागा.